घटक ४ : लोकआंदोलने आणि वृत्तमाध्यमे – वार्तेची भाषा आणि वार्तेची चौकट

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
● उठाव, आंदोलन आणि चळवळ या संज्ञांमधील फरक स्पष्ट करता येईल.
● आंदोलनाच्या वार्तांकनाचा ठरीव साचा ओळखता येईल.
● बातमीतील शब्दयोजना व वाक्यरचना यांमुळे अर्थ कसा बदलतो, हे सोदाहरण सांगता येईल.
● महाराष्ट्रातील निवडक लोकआंदोलनांच्या आधारे माध्यमांच्या भूमिकेची चिकित्सा करता येईल.
● गर्दीच्या आकड्यांची प्राथमिक पडताळणी करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बातमीची रचना, शीर्षक, आमुख आणि बातमीमूल्ये यांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात ही तत्त्वे एका विशिष्ट प्रकारच्या बातमीला लावून पाहावयाची आहेत. ती बातमी म्हणजे लोकांच्या आंदोलनाची बातमी.

आंदोलनाची बातमी इतर बातम्यांपेक्षा वेगळी का ठरते? अपघात, निवडणूक किंवा क्रिकेटचा सामना यांची बातमी छापून आली नाही, तरी ती घटना घडून पूर्ण झालेली असते. आंदोलनाचे तसे नसते. ज्यांचे म्हणणे नेहमीच्या मार्गाने ऐकले जात नाही, अशी माणसे ते ऐकले जावे म्हणून रस्त्यावर येतात. ते म्हणणे सरकारपर्यंत आणि समाजापर्यंत पोहोचवणे हा आंदोलनाचाच एक भाग असतो. त्यामुळे त्याची बातमी कोणी, कोणत्या शब्दांत आणि किती दिवस दिली, यावर आंदोलनाचे यशापयश काही अंशी अवलंबून असते. पुढील पिढ्यांना त्याची कोणती आठवण मिळणार, हेही त्यावरच ठरते.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कोणी एखाद्या मोर्चात चालले असेल, तर कोणी मोर्चामुळे अडकलेल्या एस.टी.त बसून राहिले असेल. दोन्ही अनुभव खरे आहेत. बातमी यांपैकी कोणता अनुभव निवडते आणि का, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ उठाव, आंदोलन, चळवळ : संज्ञांचा विचार

दैनंदिन व्यवहारात हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. अभ्यासासाठी मात्र त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या ठेवणे सोयीचे असते. अल्पकाळात उसळलेला, बहुधा स्थानिक आणि प्रस्थापित सत्तेला थेट आव्हान देणारा लोकक्षोभ म्हणजे ‘उठाव’. विशिष्ट मागणीसाठी केलेली संघटित कृती, उदाहरणार्थ मोर्चा, धरणे, उपोषण, संप, सत्याग्रह किंवा रास्ता रोको, म्हणजे ‘आंदोलन’. दीर्घकाळ चालणारा, विचाराचे अधिष्ठान असणारा आणि अनेक आंदोलनांना पोटात घेणारा सामूहिक प्रयत्न म्हणजे ‘चळवळ’. सत्यशोधक चळवळ किंवा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ असे आपण म्हणतो, ते याच अर्थाने.

बातमीचा स्वभाव घटनेकडे ओढ घेणारा असतो. आज काय घडले, हे तिला सांगायचे असते. म्हणून उठाव आणि आंदोलन यांची बातमी होते; चळवळ मात्र बातमीत क्वचितच मावते. एका दिवसाच्या मोर्चामागे वीस वर्षांचा प्रश्न असू शकतो. मोर्चाचे छायाचित्र छापता येते, वीस वर्षांचे छापता येत नाही. पुढील सर्व उदाहरणांत हा ताण आपल्याला दिसेल.

४.२.२ नाव देण्याचा अधिकार : १८७५चा शेतकऱ्यांचा उठाव

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. या घटनेची पार्श्वभूमी आर्थिक होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) इंग्लंडला तेथून मिळणारा कापूस आटला आणि हिंदुस्थानातील कापसाला अचानक मोठा भाव आला. त्या तेजीत सावकारांनी कर्जे सढळ हाताने दिली. युद्ध संपताच भाव कोसळले आणि कर्जे मात्र डोक्यावर राहिली. पुढे सरकारने जमीनमहसुलाची फेरआकारणी करून सारा वाढवला. सावकारांनी नवे कर्ज देण्यास हात आखडता घेतला आणि जुन्या कर्जासाठी न्यायालयातून हुकूमनामे मिळवून जमिनी ताब्यात घेण्यास सुरुवात केली.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोखे, खतपत्रे आणि वह्या यांवर होता. ही कागदपत्रे ताब्यात घेऊन जाळली गेली. लूट व जाळपोळ झाली. परंतु माणसांवरील गंभीर हल्ले तुलनेने कमी होते. ज्या कागदाच्या बळावर जमीन जात होती, तो कागदच नष्ट करणे हा या कृतीमागील तर्क होता.

या घटनेला नाव मिळाले ते ‘दख्खनचे दंगे’. सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या नावातही ‘दंगे’ हाच शब्द होता आणि १८७८मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेल्या अहवालातून तोच रूढ झाला. आजही अनेक पाठ्यपुस्तकांत तो तसाच आढळतो. ‘दंगा’ या शब्दात बेशिस्त, अविचार आणि कायदा-सुव्यवस्थेचा भंग या छटा आहेत. ‘उठाव’ म्हटले की कोणाविरुद्ध आणि कशासाठी, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. ‘दंगा’ म्हटले की तो कसा आटोक्यात आणला, एवढेच विचारले जाते.

नावाबरोबर कारणांची निवडही होते. आयोगाने सावकारी पिळवणुकीवर बोट ठेवले. सरकारी साऱ्याची मागणी हे उठावाचे कारण नसल्याचा निष्कर्ष काढला. १८७९मध्ये शेतकऱ्यांना सावकारापासून संरक्षण देणारा कायदा झाला, हा उठावाचा ठोस परिणाम होय. परंतु कारणांच्या यादीतून स्वतः सरकार बाहेर राहिले. रणजित गुहा यांनी ‘एलिमेंटरी आस्पेक्ट्स ऑफ पेझंट इन्सर्जन्सी इन कलोनियल इंडिया’ (१९८३) या ग्रंथात वसाहतकालीन शेतकरी उठावांचा अभ्यास केला आहे. अशा उठावांची माहिती आपल्याला प्रामुख्याने ते मोडून काढणाऱ्यांच्या दफ्तरातून मिळते. म्हणून ती वाचताना लिहिणाऱ्याची बाजू ध्यानात घ्यावी लागते, ही दृष्टी त्यांच्या लेखनाने दिली.

४.२.३ वार्तांकनाचा ठरीव साचा

आता एक परदेशी उदाहरण पाहू. कारण या विषयातील एक पायाभूत अभ्यास त्यावर झाला आहे. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी लंडनमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात प्रचंड मोर्चा निघाला. त्याआधीच्या काही आठवड्यांत वृत्तपत्रांनी मोठ्या हिंसाचाराची शक्यता वर्तवली होती. प्रत्यक्षात मोर्चा बव्हंशी शांततेत पार पडला. एका ठिकाणी मर्यादित झटापट झाली. तरीही वार्तांकनाचा केंद्रबिंदू ती झटापटच राहिला. जेम्स हॅलोरन, फिलिप एलियट आणि ग्रॅहम मर्डॉक यांनी १९७०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे विश्लेषण केले. माध्यमांनी हिंसेची चौकट आधी तयार केली आणि नंतर त्या चौकटीत बसणारी घटना शोधली. मोर्चेकरी युद्धाविषयी काय म्हणत होते, हा विषय दुय्यम ठरला.

पुढे जोसेफ चॅन आणि चिन-चुआन ली या अभ्यासकांनी १९८४मध्ये आंदोलनांच्या बातम्यांमध्ये पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या साच्याची संकल्पना मांडली. ती आज माध्यम-अभ्यासात सर्वमान्य आहे. या साच्याची प्रमुख लक्षणे अशी सांगता येतील :

(१) मागणीपेक्षा दृश्याला प्राधान्य : घोषणा, पेहराव, पुतळ्याचे दहन, फुटलेल्या काचा.
(२) अधिकृत सूत्रांवर भर : पोलीस, मंत्री व प्रशासन यांचे निवेदन आधी, आंदोलकांचे शेवटी किंवा मुळीच नाही.
(३) गैरसोयीची चौकट : वाहतूक कोंडी, प्रवाशांचे हाल, बाजारपेठेचे नुकसान.
(४) मोजक्या कृतीवरून समूहाचे चित्र : दहा जणांच्या दगडफेकीवरून दहा हजारांचा स्वभाव ठरवणे.
(५) व्यक्तिकेंद्रितता : प्रश्नाऐवजी नेता, त्याचे डावपेच आणि ‘यामागे कोण’ याची चर्चा.

हा साचा बहुतेक वेळा कोणाच्या कारस्थानातून तयार होत नाही, हे लक्षात घ्यावे. वार्ताहराला सायंकाळपर्यंत बातमी द्यायची असते. पोलीस ठाण्यातून माहिती लगेच मिळते; तीसएक खेड्यांतून आलेल्या माणसांशी बोलायला वेळ लागतो. छायाचित्रकाराला स्थिर चेहऱ्यापेक्षा धावपळ हवी असते. कामाच्या रोजच्या पद्धतीतूनच साचा घडतो. म्हणूनच वार्ताहर बदलला तरी तो टिकून राहतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) १८७५च्या उठावात शेतकऱ्यांचा मुख्य रोख कशावर होता?
(आ) १९६८च्या लंडनमधील मोर्चाच्या वार्तांकनाविषयी अभ्यासकांचा निष्कर्ष काय होता?

४.२.४ वाक्यात कर्ता कोठे जातो?

मराठीच्या विद्यार्थ्याला या विषयात एक विशेष साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे व्याकरण. पुढील चार वाक्ये पाहा. ती केवळ अभ्यासासाठी रचलेली आहेत.

(क) पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला; तीन शेतकरी ठार झाले.
(ख) गोळीबारात तीन ठार.
(ग) जमाव हिंसक झाल्याने पोलिसांना गोळीबार करावा लागला.
(घ) मोर्चाला हिंसक वळण, तिघांचा मृत्यू.

चारही वाक्ये एकाच प्रसंगाविषयी लिहिली जाऊ शकतात. (क)मध्ये कर्ता, कर्म आणि परिणाम स्पष्ट आहेत. (ख)मध्ये कर्ता लुप्त झाला. गोळीबार जणू पावसासारखा आपोआप झाला. मेलेले शेतकरी होते, हेही गेले. (ग)मध्ये कर्ता परत आला, पण ‘करावा लागला’ या रचनेने कृतीला अपरिहार्यतेचे रूप दिले. ‘लागणे’ हे सहायक क्रियापद येथे वाक्यातच निवाडा देऊन टाकते. (घ)मध्ये तर मोर्चाच जणू कर्ता झाला. वळण त्याला लागले आणि मृत्यू त्याचा परिणाम ठरला.

हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावली पाहिजे. ‘दगडफेकीत दोन पोलीस जखमी’ या वाक्यात दगड कोणी मारले, हे गळलेले असते. ‘निष्पाप आंदोलकांवर अमानुष हल्ला’ या शीर्षकात विशेषणांनी पुराव्याची जागा घेतलेली असते. आंदोलनाविषयी सहानुभूती बाळगणारे वृत्तपत्रही भाषेची हीच साधने वापरू शकते. म्हणून आपली बाजू कोणती, हे ठरवण्याआधी कर्ता कोण आणि क्रिया कोणती, हे शोधण्याची सवय लावावी.

मराठी वृत्तपत्रांतील काही रूढ शब्दप्रयोगही तपासून पाहण्याजोगे आहेत. ‘बंदला संमिश्र प्रतिसाद’ या प्रयोगातून काहीच कळत नाही. किती दुकाने, कोणत्या भागात, हे सांगायचे टाळले जाते. ‘आंदोलन चिघळले’ म्हणताना आंदोलनाला जखमेची उपमा दिली जाते. ‘आंदोलक आक्रमक’ हे शीर्षक निवेदन देण्यापासून जाळपोळीपर्यंत कशालाही लावले जाते. ‘अखेर आंदोलन मागे’ यातील ‘अखेर’ या एका शब्दात सुटकेचा नि:श्वास असतो. तो नि:श्वास कोणाचा, हा प्रश्न विचारावा.

४.२.५ स्वतःचे पत्र : महाड आणि ‘बहिष्कृत भारत’

माध्यमे दुसऱ्यांच्या हाती असतील तर आंदोलकांनी काय करावे? या प्रश्नाचे मराठी पत्रकारितेच्या इतिहासातील सर्वांत लखलखीत उत्तर महाडच्या सत्याग्रहाशी जोडलेले आहे.

सार्वजनिक पाणवठे व स्थळे अस्पृश्यांना खुली करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३मध्ये संमत केला होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु व्यवहारात काहीही बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेला जमलेले लोक शिस्तीने तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा पसरली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही केले.

कायद्याने दिलेला हक्क बजावणारे कोण आणि त्यांना मारहाण करणारे कोण, याविषयी संभ्रमाला जागा नव्हती. तरीही ‘महाड येथे दंगल’ असे म्हटले की दोन्ही बाजू एकाच तागडीत बसतात. आपली बाजू आपल्या शब्दांत मांडण्याची निकड येथे उभी राहिली. सत्याग्रहाला पंधरा दिवस होत नाहीत तोच, ३ एप्रिल १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते. ज्यांना वाणी असून बोलू दिले जात नाही त्यांचा नायक, हे त्या नावातच सूचित आहे.

‘बहिष्कृत भारत’ने वार्तेपलीकडचे काम केले. महाडला काय घडले, याची हकिगत त्याने दिली. टीकाकारांच्या आक्षेपांना मुद्देसूद उत्तरे दिली. कायदा, धर्मशास्त्र आणि इतिहास यांची चर्चा केली आणि डिसेंबर १९२७मधील दुसऱ्या परिषदेसाठी वाचकांची तयारी केली. पैशाचे पाठबळ अपुरे असल्याने संपादकालाच बहुतांश मजकूर लिहावा लागत असे आणि १९२९मध्ये ते बंद पडले. चवदार तळ्याच्या खटल्याचा उच्च न्यायालयातील निकाल मात्र १९३७मध्ये लागला आणि तो अस्पृश्यांच्या हक्काच्या बाजूने होता. आंदोलनाचा एक दिवस, पत्राची दोन-अडीच वर्षे आणि न्यायालयाची दहा वर्षे असे तीन वेगवेगळे काळ येथे दिसतात. एका दिवसाची बातमी वाचून थांबणाऱ्याला यातील फार थोडा भाग कळला असता.

सर्वांनाच वृत्तपत्र काढणे शक्य नसते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले, तसेच अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांनी पोवाडे व लोकनाट्ये गावोगावी नेली. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांचे वृत्तमाध्यम शाहिरी हेच होते. माध्यम या शब्दाचा विचार करताना छापील कागदाच्या पलीकडे पाहणे म्हणून आवश्यक ठरते.

४.२.६ बातमी केव्हा संपते? : १९८२चा गिरणी संप

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. वेतनवाढीबरोबरच एक मूलभूत मागणी त्यात होती. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता होती आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. आपला प्रतिनिधी आपण निवडू, असे कामगार म्हणत होते. ही मागणी गुंतागुंतीची आणि कायद्याच्या कलमांत अडकलेली असल्याने बातमीत सहज मावणारी नव्हती. सामंत यांचे व्यक्तिमत्त्व मात्र मावत होते. त्यामुळे ‘सामंतांचा संप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. अडीच लाख माणसांचा निर्णय एका नावाखाली गेला.

हा संप अधिकृतरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, हजारो कामगारांना परत काम मिळाले नाही आणि अनेक कुटुंबे कोकणात किंवा घाटावरील गावी परतली. पहिल्या दिवशी संप ही मोठी बातमी होती. परंतु ज्या दिवशी एखाद्या कामगाराने लालबागची खोली सोडली, त्या दिवशी कोणतीही बातमी नव्हती. विरत जाण्याला तारीख नसते आणि तारखेशिवाय बातमी उभी राहत नाही.

ही उणीव काही प्रमाणात साहित्याने व मौखिक इतिहासाने भरून काढली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरच्या गिरणगावातील एका कुटुंबाची पडझड येते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांचा मौखिक इतिहास २००४मध्ये प्रसिद्ध केला. साहित्याचे विद्यार्थी म्हणून हा मुद्दा आपण विशेष लक्षात ठेवावा : वृत्तपत्राने जेथे विषय सोडला, तेथून नाटककार आणि मुलाखतकार यांनी तो उचलला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ‘बहिष्कृत भारत’ केव्हा सुरू झाले?
(आ) १९८२च्या संपातील वेतनाव्यतिरिक्तची मूलभूत मागणी कोणती होती?

४.२.७ पायांचे छायाचित्र : २०१८चा शेतकरी मोर्चा

६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या पुढाकाराने नाशिकहून मुंबईकडे शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला. सुमारे १८० किलोमीटरचे अंतर कापून तो १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचला. मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी अशा भागांतील आदिवासी शेतकऱ्यांचा मोठा सहभाग होता. ते पिढ्यानपिढ्या कसत असलेली वनजमीन २००६च्या वनहक्क कायद्यानुसार त्यांच्या नावावर व्हावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. कर्जमाफी व शेतमालाला रास्त भाव या मागण्याही होत्या.

पहिले काही दिवस राष्ट्रीय वृत्तवाहिन्यांवर या मोर्चाला फारसे स्थान नव्हते. तो मुंबईच्या वेशीवर आला, तेव्हा चित्र पालटले. दोन गोष्टींचा प्रभाव विशेष पडला. एक म्हणजे भेगाळलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे. दुसरी म्हणजे दहावीच्या परीक्षार्थींची गैरसोय होऊ नये म्हणून सोमय्या मैदानावरून आझाद मैदानापर्यंतचा अखेरचा टप्पा रात्रीतून चालून पूर्ण करण्याचा मोर्चेकऱ्यांचा निर्णय. गैरसोयीची जी चौकट अशा बातम्यांना लावली जाते, ती या निर्णयाने निकामी केली. शहरातील लोकांनी पाणी, अन्न आणि चपला देऊन मोर्चेकऱ्यांचे स्वागत केले.

ही माध्यमांची जमेची बाजू आहे आणि ती मान्य केली पाहिजे. त्याचबरोबर एक प्रश्नही विचारला पाहिजे. तळव्यांच्या छायाचित्रांनी करुणा जागी झाली. पण वनहक्काचा दावा म्हणजे काय, तो कोणाकडे करायचा आणि तो का फेटाळला जातो, हे किती जणांना कळले? मोर्चेकरी हक्क मागत होते. करुणेच्या चौकटीत हक्क मागणारा नागरिक मदतीची वाट पाहणारा गरीब दिसू लागतो. १२ मार्च रोजी सरकारने लेखी आश्वासन दिले आणि मोर्चा परतला. आश्वासनांची अंमलबजावणी झाली नाही, या तक्रारीवरून फेब्रुवारी २०१९मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३मध्ये शेतकरी चालू लागले. मधल्या काळात दाव्यांचे काय झाले, याचा पाठपुरावा करणाऱ्या बातम्या मोर्चाच्या छायाचित्रांइतक्या ठळकपणे आल्या नाहीत.

४.२.८ गर्दी किती होती?

मोर्चानंतर आकड्यांचा वाद हमखास होतो. आयोजक फुगवतात, पोलीस आटोपशीर सांगतात आणि वृत्तपत्र दोन्ही आकडे छापून मोकळे होते. वास्तविक साधी पडताळणी कोणालाही करता येते. अमेरिकेतील पत्रकारितेचे अध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात बर्कली येथील विद्यार्थी-सभांच्या छायाचित्रांवरून एक पद्धत बसवली. तिच्यानुसार विरळ गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट, दाट गर्दीत सुमारे ४.५ चौरस फूट आणि खच्चून भरलेल्या गर्दीत सुमारे २.५ चौरस फूट जागा लागते.

समजा, तालुक्याच्या ठिकाणचे मैदान ३०० फूट लांब व २०० फूट रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ ६०,००० चौरस फूट झाले. विरळ गर्दी असेल तर तेथे ६,००० माणसे, दाट असेल तर सुमारे १३,३०० आणि पाय ठेवायला जागा नसेल तर २४,००० माणसे मावतील. ‘मैदानावर लाखोंचा जनसागर’ हे शीर्षक अशा वेळी खरे असू शकत नाही. आणि मैदान दाट भरलेले दिसत असताना ‘दोन-तीन हजार’ हाही आकडा खरा नसतो. चालत्या मोर्चासाठी एका ठिकाणी उभे राहून मोजावे. मिनिटाला सरासरी ८० माणसे पुढे जात असतील आणि मोर्चा ओलांडायला दोन तास लागले, तर संख्या ९,६०० होते.

४.२.९ चिकित्सक वाचनाची प्रश्नावली

आंदोलनाची कोणतीही बातमी वाचताना पुढील प्रश्न विचारावेत :
(१) मागणी बातमीच्या कितव्या परिच्छेदात आली आहे?
(२) किती आंदोलकांशी आणि किती अधिकाऱ्यांशी बातमीदार बोलला आहे?
(३) हिंसा झाली असल्यास कर्ता स्पष्ट आहे काय?
(४) संख्येचा आधार दिला आहे काय?
(५) प्रश्नाचा मागील इतिहास सांगितला आहे काय?
(६) महिन्याभरानंतर त्या प्रश्नावर पुन्हा काही छापून आले काय?

समाजमाध्यमांवरील चित्रफितींनाही हेच प्रश्न लागू पडतात. तेथे आणखी एक प्रश्न जोडावा : ही चित्रफीत कोठली, कधीची आणि तिच्या आधी-नंतरचे दृश्य काय होते?

४.३ सारांश

लोकआंदोलनाची बातमी ही आंदोलनाचाच एक भाग असते. घटनेला दिलेले नाव तिच्या कारणांकडे पाहण्याची दिशा ठरवते, हे १८७५च्या उठावावरून दिसले. दृश्य, गैरसोय, अधिकृत सूत्रे आणि नेता यांभोवती फिरणारा वार्तांकनाचा साचा कामाच्या नित्य पद्धतीतून तयार होतो. वाक्यरचनेतून कर्ता लपवता येतो आणि जबाबदारी सरकवता येते. महाडच्या सत्याग्रहानंतर ‘बहिष्कृत भारत’ने आंदोलकांचे स्वतःचे माध्यम म्हणून काम केले. गिरणी संपाने बातमीची कालमर्यादा दाखवून दिली, तर २०१८च्या मोर्चाने सहानुभूतीच्या वार्तांकनाचे बळ आणि मर्यादा दोन्ही समोर आणले. गर्दीचे आकडे क्षेत्रफळ व दाटी यांवरून पडताळता येतात.

४.४ पारिभाषिक शब्द

● चौकट : घटनेचा कोणता भाग ठळक करायचा आणि कोणता वगळायचा, हे ठरवणारी मांडणी.
● अधिकृत सूत्र : शासन, पोलीस किंवा मान्यताप्राप्त संस्था यांच्याकडून मिळालेली माहिती.
● आमुख : बातमीचा पहिला, सारभूत परिच्छेद.
● पाठपुरावा : बातमी दिल्यानंतर त्याच विषयाची पुढील प्रगती कालांतराने तपासून देणे.
● मौखिक इतिहास : सामान्य माणसांच्या आठवणी मुलाखतींद्वारे नोंदवून लिहिलेला इतिहास.

४.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) कर्जरोखे, खतपत्रे व सावकारांच्या वह्या यांवर. (आ) मोर्चा बव्हंशी शांततेत झाला असूनही, आधीच तयार केलेल्या हिंसेच्या चौकटीमुळे किरकोळ झटापट वार्तांकनाच्या केंद्रस्थानी आली.
प्रश्न २ : (अ) ३ एप्रिल १९२७ रोजी. (आ) आपली प्रातिनिधिक संघटना स्वतः निवडण्याचा हक्क मिळावा ही.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘दंगा’ व ‘उठाव’ या शब्दांच्या अर्थच्छटा १८७५च्या घटनेच्या आधारे स्पष्ट करा.
(२) आंदोलनाच्या वार्तांकनाच्या ठरीव साच्याची लक्षणे सांगून त्यांची कारणमीमांसा करा.
(३) ‘करुणेची चौकट हक्काच्या मागणीला दुबळी करते.’ २०१८च्या मोर्चाच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.
(४) टिपा लिहा : (अ) ‘बहिष्कृत भारत’ (आ) शाहिरी : एक वृत्तमाध्यम (इ) बातमीतील लुप्त कर्ता.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत झालेले एक आंदोलन निवडा : पाण्यासाठी, रस्त्यासाठी, वेतनासाठी किंवा पीकविम्यासाठी. सार्वजनिक वाचनालयात जाऊन त्याविषयी किमान दोन वृत्तपत्रांतील बातम्या पाहा व ४.२.९मधील प्रश्नावलीनुसार त्यांचा तक्ता तयार करा. त्यानंतर आंदोलनात सहभागी असलेल्या एका व्यक्तीची आणि त्या दिवशी गैरसोय सोसावी लागलेल्या एका व्यक्तीची, त्यांच्या संमतीने, मुलाखत घ्या. बातम्यांत न आलेली, पण या दोघांनी सांगितलेली माहिती वेगळी नोंदवा. ही नोंद सुमारे ५०० शब्दांत लिहून संपर्कसत्राच्या वेळी अभ्यासकेंद्रावर सादर करा. मुलाखत देणाऱ्याची इच्छा नसल्यास त्याचे नाव लिहू नये.